पाय नसलेला पोहणारा आणि समुद्रातील स्पर्धा: पाण्याआधीच्या आणि पाण्यानंतरच्या वाळूचे काय करायचे?

मुळशीचा_काठ (धागाकर्ता)

माझा डावा पाय गुडघ्याच्या वरून कापलेला आहे. त्याला बरीच वर्षे झाली आणि त्याबद्दल या धाग्यात वेगळे लिहिण्यासारखे काही नाही. पुण्यात तरणतलावावर नियमित पोहतो, आणि गेल्या हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावरील एका सागरी जलतरण स्पर्धेत तीन किलोमीटरच्या खुल्या गटात उतरलो होतो. एक पाय नसलेल्या माणसाने समुद्रात पोहावे का, असा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. पाण्यात शिरल्यावर माझी अडचण जवळपास संपते, असे माझे उत्तर असते. अडचण असते ती आरंभरेषेपासून कमरेइतक्या पाण्यापर्यंतच्या आणि शेवटी कमरेइतक्या पाण्यापासून समाप्तीच्या कमानीपर्यंतच्या वाळूत, आणि तिचा विचार स्पर्धा आखताना बहुधा कोणीच केलेला नसतो.

नेमके काय घडते ते सांगतो. शिट्टी कोरड्या वाळूवर वाजते आणि सगळे धावत पाण्यात शिरतात. मी कृत्रिम पाय आधीच काढून ठेवलेला असतो, त्यामुळे दोन कुबड्यांवर उड्या मारत जावे लागते. कोरड्या वाळूत हे जमते. ओल्या वाळूत कुबडीचे रबरी बूड आत रुतते, आणि लाट परत फिरताना कुबडीखालची आणि टाचेखालची वाळू एकाच वेळी ओढून नेते. त्या क्षणी आधाराला काहीही नसते. पाणी कमरेला लागले की कुबड्या कोणाच्या तरी हातात द्याव्या लागतात. त्या स्पर्धेत एका उत्साही स्वयंसेवकाने त्या घेतल्या आणि जपून, पुसून, थेट मंडपात नेऊन ठेवल्या. तीन किलोमीटर पोहून परत आलो तेव्हा किनाऱ्यावर कुबड्या नव्हत्या, माझा पाय नव्हता आणि तो स्वयंसेवकही नव्हता. घोटाभर पाण्यात बसून हाका मारत राहिलो. वर कमानीवरचे घड्याळ चालूच होते, आणि निकालपत्रकात जी वेळ छापून आली तीत हा सगळा बसण्याचा कालावधी मिळवलेला आहे.

स्पर्धेचे आणि संघटकांचे नाव मुद्दाम देत नाही, कारण माणसे चांगली होती आणि अशीच तऱ्हा इतरत्रही पाहिली आहे. आणखी एक बारकावा: वेळ मोजण्याची चिप घोट्याला बांधायची होती. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या, खरे तर बसलेल्या, स्पर्धकाला दोन्ही घोटे नव्हते. चिप वाटणाऱ्या मुलाने पट्टा हातात धरून बराच वेळ विचार केला आणि शेवटी त्याच्या दंडावर मार्करने क्रमांक लिहून दिला.

माझे प्रश्न असे आहेत. ज्यांनी अशा स्पर्धा पोहल्या किंवा भरवल्या आहेत त्यांनी किनाऱ्याची ही बाजू कशी सोडवली? समुद्रासाठी पायाच्या उरलेल्या भागाची, म्हणजे आपण ज्याला स्टंप म्हणतो त्याची, काळजी कशी घेता? आणि संघटकांकडे नेमके काय मागावे, म्हणजे ती मागणी सवलत वाटणार नाही?

---

सहा_पन्नास_सात_पंधरा

मी प्रशिक्षक आहे. सकाळची पहिली तुकडी माझ्याकडे असते, नावावरून कळलेच असेल.

आपल्या मुद्द्याला एक मोठे उदाहरण जोडतो. दक्षिण आफ्रिकेच्या नताली दु तोईत यांचा डावा पाय २००१ मध्ये स्कूटरच्या अपघातात गुडघ्यापासून गेला. २००८ च्या मे महिन्यात सेव्हिल येथील जागतिक स्पर्धेत दहा किलोमीटरमध्ये चौथा क्रमांक मिळवून त्या बीजिंग ऑलिंपिकसाठी पात्र ठरल्या. पॅरालिंपिकसाठी नव्हे, ऑलिंपिकसाठी. तेथे त्या सोळाव्या आल्या आणि सुवर्णपदक विजेतीपेक्षा त्यांना सुमारे दीड मिनिट जास्त लागले. दोन तासांच्या शर्यतीत हे अंतर किती किरकोळ आहे ते पोहणाऱ्यांना सांगायला नको. त्यांना कोणतीही सूट नव्हती आणि कृत्रिम पायही नव्हता.

आता त्या शर्यतीची रचना पाहा. ऑलिंपिकमधील दहा किलोमीटरची सुरुवात पाण्यावर तरंगणाऱ्या फलाटावरून होते आणि शेवट पाण्यावर उभारलेल्या पट्टीला हात लावून होतो. वाळूवर धावणे त्यात कोठेही नाही. म्हणजे जी शर्यत शुद्ध पोहण्याची म्हणून आखली गेली, तीत एक पाय नसलेली खेळाडू जगातल्या उत्तम पोहणाऱ्यांच्या मधोमध बसली. आपल्याकडे किनाऱ्यावरची कमान ही छायाचित्रांसाठी आणि प्रायोजकांच्या फलकांसाठी असते, एवढे स्पष्ट म्हटले तरी चालेल.

तंत्राविषयी थोडेसे. एक पाय नसताना बहुतेकांना वाटते की वेग कमी होईल. लांब अंतराच्या फ्रीस्टाईलमध्ये वेगाचा मोठा भाग हातांतून येतो, त्यामुळे ती भीती वाटते त्याहून लहान आहे. खरी भानगड दिशेची आहे. हात पाण्यात शिरताना विरुद्ध बाजूच्या पायाचा एक फटका शरीराला वळण पुरे करायला मदत करतो. तो फटका एका बाजूला मिळत नाही, म्हणून शरीर अर्धवट वळते आणि माणूस नकळत वाकड्या रेषेत पोहू लागतो. राहिलेला पाय शरीराच्या मध्यरेषेकडे आणून मारण्याची सवय लावावी लागते, आणि काही जण त्याच पायाने दोन्ही हातांच्या लयीला फटके देतात. आपण कोणत्या बाजूला भरकटतो हे तलावातच कळू शकते. मार्गिका रिकामी असताना डोळे मिटून पोहा आणि आपण कोणत्या दोराला लागतो ते पाहा. समुद्रात त्या बाजूची खूण ठेवा आणि इतरांपेक्षा लवकर लवकर मान वर काढून बोया, म्हणजे मार्ग दाखवणारे तरंगते गोळे, पाहा.

---

सॉकेट_आणि_स्क्रू

कृत्रिम अवयव बसवणे हा माझा व्यवसाय आहे. समुद्रावर जाणारे रुग्ण परत येतात तेव्हा मला तीन गोष्टी दिसतात: गंजलेला गुडघा, सोललेली त्वचा आणि न बसणारे सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाचा स्टंप आत बसतो तो कप्पा.

गुडघ्यापासून सुरुवात करतो. हायड्रॉलिक किंवा इलेक्ट्रॉनिक गुडघा वाळूवर नेऊच नये. खारे पाणी एकदा सांध्यात शिरले की वरून धुऊन ते निघत नाही, आणि बारीक वाळू तर तेलात मिसळून सांधा आतून घासत राहते. ज्यांच्याकडे जुना जयपूर फूट कपाटात पडून असेल त्यांनी तो किनाऱ्यासाठी राखून ठेवावा. रबराचे पाऊल आणि प्लॅस्टिकचे सॉकेट असल्यामुळे तो पाण्यात, चिखलात, अनवाणी चालवता येतो. १९६०च्या दशकाच्या अखेरीस जयपूरमध्ये कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो घडवला तेव्हा शेतात उभा राहणारा, मांडी घालून बसणारा माणूस त्यांच्या डोळ्यांपुढे होता. महागडा पाय आल्यावर लोक त्याला कमी लेखतात. किनाऱ्यावर मात्र महागड्या पायाचे मालकच तोंड पाडून बसलेले मी पाहिले आहेत.

त्वचेचे म्हणाल तर सिलिकॉनचा लायनर, म्हणजे स्टंप आणि सॉकेट यांच्या मधले मऊ आवरण, आणि खारट त्वचा यांचे वैर आहे. समुद्रातून बाहेर आल्यावर मीठ वाळते, त्यावर लायनर चढवला की तेच मीठ आणि चुकून राहिलेले वाळूचे कण प्रत्येक पावलागणिक घासतात. संध्याकाळपर्यंत फोड येतो आणि पुढचा आठवडा पाय घालता येत नाही. गोड्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन बरोबर ठेवा. स्टंप धुवा, टिपून कोरडा करा (घासून नव्हे), शिवणीच्या घडीत बोट फिरवून वाळू नाही ना ते पाहा आणि मगच लायनर चढवा. जखम उघडी असेल, अगदी केसाच्या मुळाशी आलेली पुळी फुटलेली असेल, तरी त्या दिवशी पाण्यात उतरू नका.

तिसरी गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. दिवसभर सॉकेटच्या दाबात राहणारा स्टंप दाब निघाल्यावर सुजतो. दीड-दोन तास तो मोकळा राहिला, त्यात उन्हात बसणे आले, की सकाळी सहज बसलेले सॉकेट दुपारी चढत नाही. माणूस घाबरतो आणि जोर लावतो. त्याऐवजी पाण्याबाहेर आल्यावर लगेच क्रेप बँडेज टोकाकडून वरच्या बाजूला तिरके गुंडाळा, टोकाला जास्त ताण आणि वर जाताना कमी, आणि थोडा वेळ स्टंप उंचावर ठेवा. बँडेज सरळ गोल गुंडाळू नये. त्याने मध्येच आवळले जाते आणि टोक अधिक सुजते. ज्यांच्याकडे घट्ट मोजा, म्हणजे श्रिंकर, आहे त्यांनी तो वापरावा. सॉकेटमध्ये मोज्यांचे थर घालत असाल तर परतीच्या वेळी एक थर कमी करून पाहा.

---

खाडीपलीकडे

एक लहान भर. पोहण्याचा लांब पोशाख घालत असाल तर नसलेल्या पायाची नळी शिवून बंद करून घ्या. नुसती दुमडली तर पहिल्याच शंभर मीटरमध्ये सुटते आणि पाणी भरून मागे ओढत राहते.

---

रापणकरांचा_नातू

मी मालवणचा. आमच्याकडे चिवला किनाऱ्यावर दरवर्षी हिवाळ्यात सागरी जलतरण स्पर्धा होते, त्यात दिव्यांग जलतरणपटूही उतरतात. मी होडीवर आणि कयाकवर सुरक्षेसाठी असतो, त्यामुळे मला स्पर्धा पाण्याच्या बाजूने दिसते.

धागाकर्ते दादांनी वाळू म्हटली, पण वाळू किती लागेल हे भरती ठरवते. सपाट किनाऱ्यावर भरतीला कमान आणि पाणी यांत दहा-वीस पावले असतात, ओहोटीला तेच अंतर कित्येक पट होते आणि तेही सगळे ओल्या, चोपलेल्या, मध्येच खड्डे असलेल्या वाळूतून. म्हणून स्पर्धेची तारीख कळली की आधी तिथी पाहावी. आमच्याकडे जुना हिशेब आहे: तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा वाजता, दशमीला साडेसातला, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास पूर्ण भरती. हा हिशेब मुंबईकडे जास्त नीट बसतो, दक्षिणेकडे येताना वेळ थोडी अलीकडे सरकते, पण अंदाजाला पुरतो. स्पर्धा सकाळी सातला असेल तर नवमी-दशमीच्या आसपास पाणी भरलेले मिळते. शिवाय ते भांगाचे दिवस, म्हणजे पाण्याची चढउतार कमी आणि ओढही कमी. पौर्णिमेच्या उधाणाला त्याच वेळी पाणी जोरात चढत असते आणि बाजूला ओढते. एका पायाने पोहणाऱ्याला दिशा राखणे अवघड, असे प्रशिक्षक सर म्हणाले, त्यात ही ओढ मिळवा.

पाण्यात शिरताना मी जे सांगतो ते असे. मोठ्या लाटा एकामागून एक येतात आणि मग थोडी उसंत मिळते, त्या उसंतीत निघावे. कमरेपर्यंत उभ्याने जायचा हट्ट धरू नये. गुडघाभर पाण्यातच आडवे व्हावे आणि हातांनी पुढे सरकावे. फुटणारी लाट आडव्या माणसाच्या डोक्यावरून जाते, उभ्याला मात्र पाडते. परत येताना तर बहुतेक सगळेच, दोन पायांचेसुद्धा, फार लवकर उभे राहतात. हाताचा पंजा दोनदा वाळूला लागेपर्यंत पोहत राहावे, मग लाटेबरोबर सरपटत यावे आणि पाणी मागे फिरते तेव्हा बोटे वाळूत रोवून थांबावे.

आणखी एक, कुबड्यांचा उपयोग जाताना पुढची वाळू चाचपायला करा. उथळ पाण्यात वाळूखाली पाकट, म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा, बसलेले असते. पाय घासत चालणाऱ्याला ते आधी कळून निघून जाते, उडी मारत जाणाऱ्याचा पाय थेट वरून पडतो.

---

मुळशीचा_काठ (धागाकर्ता)

तिथीचा हिशेब मला नवीन आहे आणि आमच्या स्पर्धेच्या दिवशी तो लावून पाहिला. समाप्तीच्या वेळी पाणी उतरत होते. वाळू एवढी लांब का वाटली याचे उत्तर मिळाले.

सॉकेट_आणि_स्क्रू यांनी सुजेबद्दल लिहिले तेही तंतोतंत पटले. त्यांना एक विचारतो. खोल पाण्यात गेल्यावर मला नसलेला घोटा स्पष्ट जाणवतो. किनाऱ्यावर त्या जागी कधी कधी आग होते, पाण्यात मात्र तो चक्क पाण्याला मारत असल्यासारखा वाटतो. हे इतरांनाही होते का?

---

सॉकेट_आणि_स्क्रू

पुष्कळ जणांना होते. स्टंपमधले स्नायू पोहताना खरोखरच काम करत असतात, आणि मेंदूतला पायाचा नकाशा पाय गेला म्हणून पुसला जात नाही. त्रासदायक नसेल तर त्या घोट्याला पोहू द्या. थंड पाण्यात काहींना याउलट कळ येते किंवा स्टंपला वांब येतो. आपल्याकडे डिसेंबरात कोकणचा समुद्र २६-२८ अंशांच्या घरात असतो, त्यामुळे हा त्रास सहसा होत नाही. पहाटे धरणाच्या किंवा नदीच्या पाण्यात उतरणाऱ्यांनी मात्र सावध राहावे.

---

तेरा_वर्षांच्या_मुलीची_आई

मी पोहत नाही, त्यामुळे प्रश्न साधे वाटले तर समजून घ्यावे. माझ्या मुलीचा उजवा पाय गुडघ्याखालून गेला आहे. ती तरणतलावात आनंदाने पोहते आणि आता समुद्रातील पाचशे मीटरच्या स्पर्धेत भाग घ्यायचा म्हणते. घरात दोन मते आहेत. आजी म्हणते की तलावात मिळते तेवढे पुरे. तिला नेमकी कोणत्या टप्प्यावर परवानगी द्यावी, आणि अर्जात तिला वयोगटात घालावे की दिव्यांग गटात?

---

सहा_पन्नास_सात_पंधरा

ताई, साधे प्रश्न नाहीत हे, स्पर्धा भरवणाऱ्यांनाही त्यांची उत्तरे माहीत नसतात.

टप्प्याबद्दल: पाचशे मीटरच्या स्पर्धेसाठी तिने तलावात त्याच्या दुप्पट अंतर न थांबता, भिंतीला ढकलणी न देता पोहायला हवे. समुद्रात भिंत नसते, म्हणून वळताना मार्गिकेच्या मध्येच वळण्याचा सराव करून घ्यावा. पाण्यात एका जागी तरंगत, चेहऱ्यावर पाणी उडत असताना पाच मिनिटे शांतपणे बोलता आले पाहिजे. गॉगल डोळ्यांवरून निघाला तर पाण्यातच परत लावता आला पाहिजे. त्यानंतर स्पर्धेपूर्वी एकदा तरी समुद्रात, त्याच वेळी, प्रशिक्षक आणि स्थानिक होडीवाला बरोबर असताना पोहावे. यातले काहीही पायावर अवलंबून नाही, हे आजींना दाखवता आले तर त्यांचा विचार बदलेल असे वाटते.

आजींना हेही सांगावे की आपल्या देशात ही वाट जुनी आहे. पश्चिम बंगालचे मसुदुर रहमान बैद्य यांचे दोन्ही पाय लहानपणी रेल्वे अपघातात गुडघ्याखालून गेले होते. त्यांनी १९९७ मध्ये इंग्लिश खाडी आणि २००१ मध्ये जिब्राल्टरची सामुद्रधुनी पोहून पार केली. मध्य प्रदेशचे सत्येंद्रसिंह लोहिया यांच्या चमूने २०१८ मध्ये इंग्लिश खाडी आणि २०१९ मध्ये अमेरिकेतील कॅटालिना खाडी आळीपाळीने पोहून ओलांडली, आणि त्या चमूत महाराष्ट्राचा जलतरणपटूही होता.

गटाबद्दल मी दोन्हीकडे अर्ज भरू देतात का ते आधी विचारीन. नसेल तर मुलीलाच विचारा. तिला मैत्रिणींशी शर्यत लावायची असेल तर वयोगट.

---

सडेतोड

विषय चांगला आहे, पण एक शंका मांडतो आणि ती कोणाला टोचली तर क्षमस्व. पाण्यात अडचण नाही असे म्हणायचे आणि वाळूवर मदत मागायची, हे खुल्या गटातील इतर स्पर्धकांच्या दृष्टीने कसे बसते? किनाऱ्यावर धावणे हाही त्या स्पर्धेचा भाग आहे, असे कोणी म्हटले तर? आणि मदत हवी असेल तर स्वतंत्र दिव्यांग गट आहेच ना?

---

मुळशीचा_काठ (धागाकर्ता)

शंका योग्य आहे, टोचली नाही. उत्तर थोडे लांबेल.

स्वतंत्र गटापासून सुरुवात करतो. पॅरा जलतरणात शारीरिक अपंगत्वासाठी एस-१ ते एस-१० असे दहा वर्ग आहेत. आकडा जितका लहान तितकी मर्यादा मोठी. वर्ग ठरवताना स्नायूंची आणि सांध्यांची तपासणी होते, पाण्यात पोहून दाखवावे लागते आणि स्पर्धेतही निरीक्षण होते. माझ्यासारखा एक पाय गुडघ्यावरून गेलेला माणूस साधारणतः एस-९ मध्ये येतो, ताईंची मुलगी बहुधा एस-१० मध्ये येईल. दृष्टिदोष आणि बौद्धिक अक्षमता यांसाठी पुढचे वेगळे वर्ग आहेत. एवढी बारीक विभागणी करण्याचे कारण उघड आहे: पोलिओने दोन्ही पाय अधू झालेला पोहणारा, पंजा नसलेला पोहणारा आणि अंध पोहणारा यांची एकत्र शर्यत लावून काहीच कळत नाही. आपल्याकडील किनारी स्पर्धांत पुष्कळदा हे सगळे "दिव्यांग गट" या एकाच ओळीखाली येतात, सर्वांना सारखे पदक मिळते आणि भाषणात सर्वांच्या जिद्दीला सलाम होतो. त्या गटात माझी वेळ कितवी आहे हे विचारले तर संघटक गोंधळतात, कारण ती छापलेलीच नसते. टाळ्या मला आवडतात, पण मला वेळ हवी असते.

आता खुल्या गटाविषयी. वाळूवर धावणे हा स्पर्धेचा भाग असेल तर तसे नियमात लिहावे आणि त्याला जलतरण स्पर्धा म्हणू नये. ट्रायथलॉनमध्ये धावणे हा स्वतंत्र भाग असतो, तरीही पॅराट्रायथलॉनच्या नियमांत पाण्यातून बाहेर येणाऱ्या खेळाडूला हात देण्यासाठी नेमलेले मदतनीस असतात, आणि पाण्याजवळच एक जागा राखलेली असते जेथे बसून कृत्रिम पाय चढवता येतो. तेथे याला कोणी अन्याय म्हणत नाही, कारण पोहण्याचा एकही मीटर कोणी त्याच्या वतीने पोहत नाही. मीही पाण्यात कोणालाच हात लावू देत नाही. सांध्याला पंख जोडलेला कृत्रिम पायही लावत नाही, कारण पॅरा जलतरणाच्या स्पर्धांत कृत्रिम अवयव लावून पोहता येत नाही आणि तो नियम मला मान्य आहे. फ्रान्सचे फिलिप क्रोआझों यांनी २०१० मध्ये चारही अवयव नसताना पंख लावलेल्या कृत्रिम पायांनी इंग्लिश खाडी पार केली, ती अफाट गोष्ट आहे, पण ती शर्यत नव्हती.

माझा प्रस्ताव असा की घड्याळ प्रत्येकासाठी पाण्यातच सुरू व्हावे आणि पाण्यातच थांबावे. त्याने धावणाऱ्यांचेही नुकसान होत नाही. उलट साठीच्या वरचे स्पर्धक मला दुवा देतील.

---

सडेतोड

साठीच्या वरच्यांबद्दलचे म्हणणे पटले. माझे वडील त्याच वाळूत पडले होते. शंका मागे घेतो.

---

कोपरापर्यंतचा

मी उजवा हात कोपराखालून नसलेला पोहणारा. माझी गोष्ट बरोबर उलटी आहे, म्हणून लिहितो: वाळूवर मी सर्वांच्या पुढे धावतो आणि पाण्यात मागे पडतो. सोलापूर जिल्ह्यातले सुयश जाधव दोन्ही हातांचे पंजे नसताना पॅरालिंपिकपर्यंत पोहोचले, त्यांना पोहताना पाहून मी खांद्याचे वळण शिकलो, पण ते तलावातले पोहणे आहे. समुद्रात माझे काम अडते ते भलत्याच ठिकाणी. लाटेने गॉगल सरकला की एका हाताने तो बसवताना मी तरंगायचे कशाने? यासाठी पाठीवर उताणे होऊन फक्त पायांवर तरंगण्याचा सराव केला. लांब अंतरात होडीवरून पाणी देतात तेव्हा झाकण फिरवायची बाटली निरुपयोगी असते. दाबून प्यायची तोंडाची बाटली दोरीला बांधून टाकायला सांगतो. चिप मनगटाला बांधा असे धाग्यात कोणी सुचवेल, तर डाव्या मनगटाला म्हणावे. आणि कयाकवाल्याला आधीच सांगावे की मी कोणत्या बाजूने श्वास घेतो. तो दुसऱ्या बाजूला राहिला तर त्याच्या खुणा मला दिसत नाहीत आणि तो बिचारा ओरडत राहतो.

---

मुळशीचा_काठ (धागाकर्ता)

सर्वांच्या सूचना एकत्र करून संघटकांना पाठवायच्या पत्राचा मसुदा खाली देतो. दुरुस्त्या कळवाव्यात.

"मा. संघटक, आपल्या स्पर्धेत अवयव गमावलेले जलतरणपटू सर्वसाधारण वयोगटांतही सहभागी होऊ इच्छितात. त्यांना पोहण्याच्या अंतरात किंवा वेळेत कोणतीही सूट नको आहे. दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ३० मध्ये खेळांतील सहभागाचा हक्क मान्य केलेला आहे, त्यास अनुसरून पुढील व्यवस्था व्हावी. ज्यांना गरज आहे त्यांना शिट्टीपूर्वी पाण्यात जाऊन कमरेइतक्या पाण्यात थांबण्याची मुभा असावी. कोरडी वाळू ते पाणी या अंतरात प्रत्येकी एक मदतनीस स्पर्धकाने स्वतः आणावा किंवा आपण द्यावा, आणि त्याला आरंभी व शेवटी त्या पट्ट्यात येऊ द्यावे. कुबड्या आणि कृत्रिम अवयव आरंभस्थानाहून समाप्तीच्या जागी पाण्याजवळ नेऊन ठेवण्याची जबाबदारी एका व्यक्तीवर नावानिशी सोपवावी. वेळेची चिप घोटा किंवा मनगट यांपैकी स्पर्धक सांगेल तेथे बांधावी, आणि अंतिम वेळ पाण्यातील दोन बोयांच्या मधून जाताना घ्यावी. निकालपत्रकात प्रत्येक स्पर्धकाची वेळ छापावी, दिव्यांग गटातीलही. समाप्तीजवळ सावली, बसण्याची जागा आणि गोडे पाणी असावे."

---

तेरा_वर्षांच्या_मुलीची_आई

पत्र उत्तम आहे. एकच सुचवते: मदतनीस मुलींसाठी स्त्री असावी, असे स्पष्ट लिहावे. पाण्यातून उचलून आणताना कोण कोठे धरतो हा प्रश्न तुम्हा पुरुषांच्या लक्षात आला नसावा.

---

मुळशीचा_काठ (धागाकर्ता)

घालतो. लक्षात आले नव्हते हे खरे.

---

रापणकरांचा_नातू

मसुदा वाचला. संघटक कशाला हो म्हणतील आणि कशाला मान हलवून विसरतील ते सांगतो. चिप मनगटाला बांधणे फुकट आहे, लगेच होईल. आधी पाण्यात थांबणे होईल, पण त्यांची यादी सुरक्षेच्या होडीवर आधी द्या, नाहीतर कोणी लवकर निघाला म्हणून शिट्ट्या मारत आम्हीच त्यांना परत किनाऱ्याला आणू. पाण्यातल्या बोयांवर वेळ घेणे कठीण जाईल, कारण चिप वाचणारी चटई वाळूवर अंथरतात, पाण्यावर नाही. तेथे होडीत एक माणूस वही आणि घड्याळ घेऊन बसवा. पाच-सात स्पर्धकांसाठी तेवढे पुरते, आणि होडी मी देतो.

बसण्याच्या जागेसाठी मात्र पाण्याजवळ खुर्ची ठेवायला सांगू नका. पाण्याजवळ ठेवलेली प्लॅस्टिकची खुर्ची दोन लाटांत रुतते आणि तिसऱ्या लाटेला वाहून जाते, हे आम्ही केलेले आहे. त्यापेक्षा किनाऱ्यावर एक खांब रोवून त्याला जाड दोर बांधावा आणि त्याचे दुसरे टोक कमरेइतक्या पाण्यात नांगराला अडकवावे. दोर हातात असला की एका पायाचा माणूस लाट परत जातानाही उभा राहतो आणि मदतनीस नसला तरी वर येतो. नांगर आणि दोर कोणत्याही रापणीच्या (किनाऱ्यावरून जाळे ओढून मासेमारी करणाऱ्यांच्या) होडीवर मिळतो. खांब मात्र उधाणाच्या रेषेच्या वर, सुरूच्या झाडांच्या बाजूला रोवायला सांगा.

पुढच्या स्पर्धेची तारीख जाहीर झाली की इथे टाका, मी तिथी पाहून पाणी किती असेल ते लिहितो.